सर, तुम्ही फाटकाबाहेर

"एकाचीही सूज कमी नाही," मस्करेन्हस मॅडम म्हणाल्या.

बसा म्हणाल्या नाहीत, चहाचं तर नावच नाही. फार्मसी कॉलेजच्या त्या लांबट खोलीत पिंजरे ओळीनं मांडले होते आणि पांढरे उंदीर भुशात तोंड खुपसून बसले होते. प्रत्येकाचा मागचा एक पाय टम्म फुगलेला. माझे गाइड इंगवले सर वाकून एकेक पिंजरा बघत होते, आणि मी सरांच्या पाठीआडून तेच पिंजरे पुन्हापुन्हा बघत होते.

"पुन्हा एकदा बघूया की मॅडम," सर म्हणाले. "एखाद्या वेळी डोस मागंपुढं..."

"डोस तोच, डॉक्टर. उंदीर त्याच वयाचे. पाजलं मी स्वतः, पाय मोजले मी स्वतः. मागच्या वेळेपेक्षा बदललंय ते फक्त तुमचं औषध."

मॅडम बेळगावच्या. आवाज चढवायच्या नाहीत, पण त्यांचं शांत बोलणं ऐकलं की आपणच काहीतरी चोरलंय असं वाटायचं.

उंदरांच्या पायाला टोचून सूज आणायची, त्याआधी आमचं औषध पाजायचं आणि सूज किती अडते ते मोजायचं, असा तो प्रयोग. मागच्या खेपेला आमच्या बावीस नंबरच्या औषधानं सूज निम्म्यावर आणली होती. मॅडमनी तो निकाल एका मोठ्या परिषदेला कळवलाही होता, खाली तिघांची नावं घालून. त्यांचं, सरांचं आणि शेवटी माझं, नलिनी रेडेकर. माझं नाव छापून येणार म्हणून आमच्या आजऱ्यात वडिलांनी ओळखीच्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं होतं. आणि आता हे!

आधी विषय सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाही. माझ्या पीएच.डी.चा विषय थायाडायझोल. नावाला घाबरू नका. पाच अणूंनी हात धरून केलेला फेर समजा. दोन कार्बनचे, दोन नायट्रोजनचे आणि एक गंधकाचा. औषधं शोधणाऱ्यांचा हा फेर फार लाडका. फेर तसाच ठेवायचा, बाहेरून त्याला काय काय अडकवायचं ते बदलत राहायचं, आणि त्यातलं कुठलं रूप रोगाला लागू पडतं ते शोधायचं. अशी ढीगभर रूपं मी केली. गंधकाचं काम म्हणजे वास आलाच. विद्यापीठाच्या हॉस्टेलवर मी जेवायला बसले की माझ्या दोन्ही बाजूंच्या मुलींना आपोआप भूक नसायची. माझी आई म्हणायची, "अगं, पोरीच्या अंगाला अत्तराचा वास यावा, तुझ्या अंगाला फटाक्याचा येतोय." पण बावीस नंबर हाती लागला आणि या सगळ्या वासाचं सोनं झालं असं मला वाटत होतं.

मॅडमनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"मी आडून बोलत नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्या मालात सुजेवरचं बाजारातलं एखादं औषध मिसळलेलं असेल, तर असाच निकाल येतो. पहिल्या वेळी उत्तम आणि दुसऱ्या वेळी शून्य. हे मी पूर्वी एकदा बघितलंय."

"मॅडम!" मी म्हटलं.

"मी तुझं नाव घेतलं नाही, नलिनी. कुणाचंच घेत नाही. महिनाअखेरपर्यंत मला पहिल्यासारखा माल पुन्हा करून द्या. नाही झालं, तर मी निबंध मागं घेणार आणि का घेतला तेही परिषदेला कळवणार. मला तसं करावंच लागेल."

पहिल्या मालातला चिमूटभरही शिल्लक नव्हता. होता तेवढा उंदरांच्या पोटात गेला होता.

परतताना सर भराभर पुढं चालत होते. सायन्स बिल्डिंगच्या पायऱ्यांपाशी थांबले. मिशीवरून हात फिरवला. सरांच्या मिशा म्हणजे काय सांगू, डिपार्टमेंटच्या पाटीआधी त्याच दिसायच्या.

"नलिनी, एक विचारू? राग धरू नकोस."

"विचारा सर."

"पहिल्या वेळी काही मिसळलं गेलं नव्हतं ना? म्हणजे चुकून?"

मस्करेन्हस मॅडमचं मला लागलं नव्हतं एवढं हे लागलं. त्यातून तो 'चुकून' तर फारच. सर मला वाट काढून देत होते, आणि मला वाट नको होती. मला सरांनी विचारायलाच नको होतं. माझ्या हातचं काम त्यांनी पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "काही नाही मिसळलं."

"बरं, बरं," सर म्हणाले आणि पायऱ्या चढून गेले. त्या 'बरं'वर माझा काही विश्वास बसला नाही.

आता इंगवले सरांचं एक सांगायला हवं. आमच्या कामात पदार्थ तयार झाला की तो गरम अल्कोहोलात विरघळवायचा आणि हळूहळू थंड करायचा, म्हणजे त्याचे स्वच्छ स्फटिक पडतात. पडतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पुष्कळदा नुसतं तेलकट काहीतरी तळाशी बसतं आणि तुमच्याकडे बघत राहतं. अशा वेळी काचेच्या काडीनं भांडं आतून खरवडायचं, म्हणजे कधीकधी स्फटिक धरतात. सरांच्या कोटाच्या वरच्या खिशात पेनाशेजारी अशी काडी कायम असे. कुणाचं काही अडलं की, "सर, जरा हात लावता का?" सर ऐटीत येणार, काडी काढणार, दोनदा कुर्रकुर्र करणार, आणि खरंच स्फटिक पडायचे! अख्ख्या डिपार्टमेंटचा सरांच्या हातगुणावर विश्वास होता. बॉटनीचे लोकसुद्धा चेष्टेत म्हणायचे, इंगवले सरांना घरी न्या, दही चांगलं लागेल.

बावीस नंबर पहिल्यांदा केला तेव्हा सर रजेवर होते. माझं मीच केलं, आणि आपोआप पिवळ्या, बारीक, कापसासारख्या सुया पडल्या. तापवलं की एकशे अडुसष्ट अंशांवर वितळायच्या. तो माल उंदरांना गेला आणि गाजला. दुसऱ्या वेळी जास्त माल हवा होता. मोठं भांडं घेतलं, आणि मेलं स्फटिकच पडेनात. सरांना बोलावलं. सरांनी कुर्रकुर्र केलं, आणि काय सांगू, खडीसाखरेसारखे जाडजूड, चकचकीत खडे! वितळवून बघितले तर एकशे एक्क्याण्णव.

आम्ही आनंदानं वेडे व्हायचे बाकी होतो. कारण रसायनवाल्यांना पहिल्या वर्षापासून घोकवलेलं असतं की मालात घाण असली की तो लवकर वितळतो आणि शुद्ध असला की उशिरा. वितळणबिंदू इतका वर गेला म्हणजे आपला पहिला माल मळका होता आणि हा चोख! सरांनी त्या दिवशी डिपार्टमेंटभर पेढे वाटले. कुणाच्याही मनात शंका आली नाही. आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांनाच होऊ शकते अशी ती चूक होती. उंदरांना मात्र आमचं पुस्तक ठाऊक नव्हतं.

दोनच दिवसांनी सरांनी मला खोलीत हाक मारली. खिडकीच्या काचेवर त्यांनी दोन लांबलचक कागद एकावर एक धरले होते. पदार्थ विरघळवून मुंबईहून करून आणलेले आलेख होते ते, एक पहिल्या मालाचा आणि एक दुसऱ्याचा. मागून उजेड येत होता. एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेत मिसळून गेली होती.

"बघ! केसाचाही फरक नाही," सर म्हणाले. "रेणू तोच आहे गं. पदार्थ बदललेलाच नाही."

"मग सुया आणि खडे?"

"साडी तीच, घडी वेगळी." सरांचा आवाज वाढला, म्हणजे गाडी रुळावर आली. "रेणू रचायच्या दोन तऱ्हा. सुयांची रचना सैल, पोटात गेली की झटकन विरघळते, अंगाला लागते. खड्यांची रचना घट्ट. उंदराच्या पोटात गेली काय आणि दगड गिळला काय, सारखंच. मस्करेन्हसबाईंना सांगूया."

सांगितलं. फोनवर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पटण्यासारखं आहे. पण आलेखाला दिलेला माल आणि उंदरांना दिलेला माल एकच, हे मी कशावरून मानू? सुया करून दाखवा. मला सुया हव्यात."

रास्तच होतं ते. आम्ही सुया करायला बसलो.

आणि सुया होईनात! किती तऱ्हा केल्या विचारू नका. भांडी क्रोमिक ॲसिडनं धुतली, हळू थंड केलं, भराभर थंड केलं, काडीला तर हातच लावला नाही. दर वेळी खडे. स्टोअरमधून कोरं, न उघडलेलं भांडं आणलं, त्यातही खडे. मला तर रात्री स्वप्नात खडीसाखर दिसायची. महिना संपत आला होता, आणि डिपार्टमेंटात मी आले की बोलणी थांबायची. मस्करेन्हस मॅडमनी कुणाचं नाव घेतलं नव्हतं हे खरं, पण माल करणारी एकच होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

एका सकाळी मी लवकर आले. कुणी नव्हतं. गरम द्रावण कोऱ्या भांड्यात गाळलं आणि स्टुलावर बसून बघत राहिले. निवळ पिवळं पाणी, कोमट होत आलेलं, पण खडा नाही की काही नाही. मनात म्हटलं, देवा, अस्संच राहू दे. तेवढ्यात सर आले. "काय म्हणतंय गं आज?" म्हणत भांड्यावर वाकले. त्यांच्या अंगात तो जुना करडा स्वेटर होता. बाह्या कोपरापर्यंत ओढलेल्या. हात मागं बांधलेले. काडी खिशातच.

आणि माझ्या डोळ्यांदेखत, सरांच्या मिशीखाली, खडे पडायला लागले.

आम्ही दोघंही बघत राहिलो. मग मी हळूच मान वर करून त्या स्वेटरकडे बघितलं. मग मिशांकडे.

"काय बघतीस?" सर म्हणाले.

"सर," मी म्हटलं, आणि मला हसू यायला लागलं आणि रडूही. "सर, विरजण लागतंय."

"कसलं विरजण?"

"खड्यांचं. एक बारीक कण पडला तरी सगळा माल त्याच घडीत बसतो. आपण इतके खडे केले, कुटले, झटकले. ती धूळ सगळीकडे गेली असणार. हवेत, कपाटात, माझ्या ओढणीत. आणि तुम्ही तर सगळ्यांच्या टेबलावर फिरता."

सरांनी भांड्यावरून मान वर केली. खिशातली काडी काढून तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे माझा हातगुण..."

"हातगुण आहेच सर. पण तो खड्यांचा आहे."

मला वाटलं होतं, हसतील. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच बोलल्याचं वाईट वाटलं. आयुष्यभर लोकांनी ज्या हाताचं कौतुक केलं, तोच हात आडवा आला होता. पण सर मोठे. खुर्चीत बसले, डोकं खाजवलं, आणि म्हणाले, "मग जिथं आपला कण पोचला नाही अशी प्रयोगशाळा हवी. पुण्याला पाठवू तुला?"

"पुण्याला आपला माल गेलाय सर, तपासायला. मी आजऱ्याला जाते. माझं जुनं कॉलेज. हत्तरगी बाई आहेत तिथं, मला केमिस्ट्री त्यांनीच शिकवली. बाटल्या दुकानातून परस्पर तिकडेच जातील, सीलबंद. मी इथलं काहीच नेणार नाही. कागदसुद्धा नाही. सगळं पाठच आहे मला."

"उत्तम!" सर उठलेच. "मी येतो. बाईंना माहिती हवी, तापमान सांभाळायला हवं..."

"सर," मी म्हटलं, "तुम्ही यायचं नाही."

गाइडला असं कोण म्हणतं! सर माझ्याकडे बघत राहिले.

"फाटकाच्या आतसुद्धा?"

"फाटकाच्या आतसुद्धा."

हॉस्टेलवरचे माझे सगळे कपडे मी गाठोडं बांधून मैत्रिणीकडे टाकले, दुकानातून घेतलेलं कोरं पातळ नेसले आणि एसटीत बसले. घरी पोचल्यावर उंबऱ्याबाहेरच आईकडून डोक्यावर पाणी ओतून घेतलं. शिकेकाईनं केस धुतले, नखं घासली, पुन्हा केस धुतले. आई तोंडाला पदर लावून हसत होती. "आमच्या घरात असलं सोवळं कधी कुणी पाळलं नव्हतं बाई. त्या औषधाला म्हणावं, सासूबाई तरी बऱ्या."

हत्तरगी बाई म्हणजे मूर्तिमंत उत्साह. माझ्यासाठी त्यांनी कॉलेजची प्रयोगशाळा सुट्टीत उघडायला लावली होती, टेबलं पुसून घेतली होती आणि आइसकांडीवाल्याकडून बर्फ सांगून ठेवला होता. "किती शिकलीस गं," असं दर तासाला म्हणत त्या माझ्या हाताखाली काम करत होत्या आणि मला लाजल्यासारखं होत होतं. शेवटचा टप्पा उरला, त्या दिवशी दुपारी त्या खिडकीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "नलू, फाटकापलीकडे चहाच्या गाडीशी एक गृहस्थ केव्हाचे उभे आहेत. भल्यामोठ्या मिशा."

मी धावत खिडकीशी गेले. सरच! पांढरा कोरा शर्ट, नवी टोपी, पायात नव्या चपला, आणि केस असे चोपडलेले की ओळखू येईनात.

"विद्यापीठाचे इंगवले सर? अगबाई!" बाई पदर सावरत दाराकडे निघाल्यासुद्धा. "आणि तू त्यांना उन्हात उभं केलंस?"

"बाई, जाऊ नका!" मी आडवी झाले.

"अगं, एवढा मोठा माणूस दारात येतो आणि आपण या म्हणायचं नाही? आजऱ्याची काही रीत आहे की नाही?"

"बाई, तुम्ही गेलात तर तुम्हालाही आत येता यायचं नाही."

बाई जागच्या जागी थांबल्या. त्यांना फार जड गेलं ते. शेवटी खिडकीतूनच वाकून नमस्कार करत्या झाल्या. "सर, माफ करा हं! चहा घ्या, पैसे देऊ नका, आमच्या नावावर सांगा!" सरांनीही तिकडून नमस्कार केला आणि ओरडले, "मी तीनदा आंघोळ करून आलोय! शर्ट कोरा आहे!"

"आणि मिशा?" मी ओरडले.

सरांनी मिशीवर हात ठेवला. तिथंच चहाच्या गाडीशेजारच्या बाकावर जाऊन बसले.

मी द्रावण गाळलं. भांडं झाकलं. मग बर्फात ठेवलं आणि आम्ही दोघी त्याच्याकडे पाठ करून बसलो, कारण बघवेना. माझ्या डोक्यात एकच. खडे पडले तर मी खोटी. मस्करेन्हस मॅडमच्या लेखी खोटी, डिपार्टमेंटच्या लेखी खोटी. आणि त्या बाकावर बसलेल्या माणसाच्या लेखी? ते कधी म्हणाले नसते. पण त्या 'चुकून'ला माझ्याकडे जन्मभर उत्तर नसतं.

"नलू," हत्तरगी बाई कुजबुजल्या. "पिवळा कापूस पडलाय बघ."

वळून बघितलं. सुया होत्या. बारीक, पिवळ्या, भांडंभर.

तरी माझा विश्वास बसेना. गाळल्या, सुकवल्या, काचेच्या नळीत चिमूटभर भरून थर्मामीटरला बांधल्या आणि तेलात सोडल्या. बर्नरची ज्योत बारीक केली. पारा चढत गेला, चढत गेला. दीडशे गेले. एकशे साठ. हत्तरगी बाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होता. एकशे पासष्ट. मग नळीच्या कडेला ओल दिसली, आणि एकशे अडुसष्टला सुया वितळून थेंब झाला.

बाईंनी मला मिठी मारली.

उंदरांचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. नवी खोली, नवा खल, सगळं कोरं घेऊन मस्करेन्हस मॅडमनी तो माल पाजला आणि सूज पहिल्यासारखी निम्म्यावर आली. मॅडमनी मला बोलावून घेतलं. या वेळी खुर्ची दिली. म्हणाल्या, "मी शंका घेतली ती बरोबर घेतली, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा घेईन. पण तू खरी होतीस. परिषदेत बावीस नंबर मी मांडणार नाही. तू मांडायचास." बावीस नंबरचं औषध काही झालं नाही. ज्याची घडी अशी लहरी, त्याच्या गोळ्या कोण करणार? पण पुढं मी जिथं नोकरीला लागले, तिथं माझं कामच हे झालं. कुठल्याही नव्या औषधाची आधी घडी बघायची. चांगली तीसेक वर्षं मी सुखानं तेवढंच केलं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं.

उरलेल्या सुयांची नळी मुठीत धरून मी पळत सुटले. व्हरांडा, पटांगण, फाटक. पातळ पायात येत होतं. मला येताना बघून सर बाकावरून उठले आणि दोन्ही हात पुढं करून ओरडले, "तिथंच! तिथंच थांब! जवळ येऊ नकोस!" आणि स्वतःच भराभर मागं सरकत चहाच्या गाडीच्या पलीकडे गेले. चहावाला किटली धरून बघत राहिला. गिऱ्हाइकंही बघत राहिली. एवढा धिप्पाड माणूस एका पोरीला भिऊन मागं पळतोय, त्यांना काय कळणार!

मी फाटकाच्या आत थांबले. मधे अख्खा रस्ता. नळी उंच धरली.

"एकशे अडुसष्ट, सर!"

सर हलले नाहीत. एक एसटी मधून गेली, धुरळा उडाला. धुरळा खाली बसला तरी सर तसेच उभे होते. मग त्यांनी टोपी काढली.

"नलिनी," ते म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "त्या दिवशी पायऱ्यांवर मी तुला विचारलं. मी विचारायला नको होतं. माझं चुकलं."

चहाच्या गाडीवरची सगळी माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. एका हातात नळी, दुसऱ्यात पातळाचा घोळ, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. प्रत्येक शब्द मला लख्ख ऐकू आला होता.

"ऐकू आलं नाही, सर!" मी ओरडले.

आणि सरांनी ते पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं.